भाचा रात्री मित्रांबरोबर गाडी काढतोय हे कळलंय. आता नेमकं काय करू?

दुसरी_चावी

नमस्कार. जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

मी रात्रपाळीला असतो. पहाटे पाचच्या सुमारास घरी येतो, तेही दुचाकीवर. माझी चारचाकी आठवडाभर जागची हलत नाही. मागच्या आठवड्यात आलो तेव्हा रांगेतल्या सगळ्या गाड्यांवर दव साचलं होतं, काचा पांढऱ्याफटक. फक्त माझ्या गाडीचं बॉनेट कोरडं. हात लावून बघितलं तर कोमट.

दार उघडून बसलो तर गुडघे स्टिअरिंगला आपटले. सीट पार पुढे ओढलेली होती. पेट्रोल भरताना ट्रिप मीटर शून्यावर आणायची मला जुनी खोड आहे, त्यामुळे आकडा डोक्यात होता. तो ६१ किलोमीटरने वाढला होता. घरात माझी बहीण आणि तिचा पंधरा वर्षांचा मुलगा. बहिणीला गाडी येत नाही. आणि भाचा उंचीला माझ्याइतकाच, त्याला सीट पुढे ओढायची गरजच नाही. म्हणजे चालवणारा तिसराच कोणीतरी.

भाच्याला एकट्याला गाठून विचारलं. अर्धा तास 'मला माहीत नाही' झालं, मग बोलला. चौघं असतात. चालवणारा सतरा वर्षांचा, आमच्या मागच्या गल्लीतला. लायसन्स अर्थातच नाही. माझी गाडी दोनदा नेली, आणि मध्ये एकदा त्या मुलाच्या शेजाऱ्यांची नेली. त्यांची चावी दाराजवळच्या खिळ्याला असते म्हणे. मी म्हटलं, अरे ही चोरी झाली. तर मला म्हणतो, "चोरी कशी? परत आणून लावली ना जागेवर!" आणि हे तो अगदी मनापासून म्हणत होता.

मला खरी धडकी भरली ती वेगळ्याच गोष्टीने. मागच्या सीटबेल्टची बकलं मी सामान ठेवताना कधीतरी सीटच्या फटीत खोचली होती. ती तशीच होती. मागे तिघं बसून ६१ किलोमीटर फिरले आणि एकानेही बेल्ट शोधला नाही.

बहिणीला अजून सांगितलेलं नाही. भाऊजी वेगळे राहतात, त्यांना कळलं तर हातपाय मोडतील त्याचे. चाव्या लपवल्यात. पण मुलगा तसा वाईट नाही हो, म्हणून लिहितोय. पोलिसांत जावं का? त्या शेजाऱ्यांना सांगावं का? की चाव्या लपवल्या तेवढं पुरे?

खडे_बोल

पुरे कसं असेल? मुलगा वाईट नाही, तसा वाईट नाही, असं म्हणत म्हणतच पोरं हाताबाहेर जातात. ओळखीचा पोलिसवाला गाठा आणि एक रात्र कोठडीत बसवा. सराईत गुन्हेगारांचे चेहरे एकदा जवळून दिसले की आयुष्यात परत गाडीला हात लावणार नाही. आमच्या वेळी कानाखाली दोन बसल्या की विषय संपायचा.

पाना_नंबर_दहा

मी गाड्यांचं वायरिंगचं काम करतो, बावीस वर्षं झाली. मुलाला कसं वळण लावायचं ते इथले जाणते लोक सांगतील. मी गाडीपुरतं बोलतो.

पहिलं म्हणजे, तारा जोडून गाडी चालू करणं वगैरे डोक्यातून काढा. आताच्या बहुतेक गाड्यांत इमोबिलायझर असतो. चावीच्या डोक्यात एक बारीक चिप असते, गाडीचा कॉम्प्युटर तिला ओळखतो, ओळख पटली नाही तर इंजिन चालूच होत नाही. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा आहे. तो नसला की काय होतं ते अमेरिकेत दिसलं. किया आणि ह्युंदाईच्या तिथल्या पुष्कळ गाड्यांत तो बसवलेलाच नव्हता. त्या गाड्या चावीशिवाय चालू करायची युक्ती २०२२ मध्ये पोरांनी व्हिडिओ करून एकमेकांना दाखवली आणि शहरंच्या शहरं हैराण झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात बफेलो शहरात अशाच एका चोरलेल्या कियाला अपघात झाला आणि चार किशोरवयीन मुलं गेली. पुढे २०२३ च्या फेब्रुवारीत कंपन्यांनी फुकट सॉफ्टवेअर बदलून द्यायला सुरुवात केली. तोवर तिथल्या सरकारी वाहन सुरक्षा खात्याच्या नोंदीत या प्रकाराने आठ मृत्यू जमा झाले होते.

तेव्हा तुमच्या गाडीत इमोबिलायझर असेल तर पोरांकडे एकच रस्ता उरतो, चावी. आणि पोरं चावीच घेतात. खिळ्यावरची, फ्रिजवरची, पर्समधली. सगळ्यात जास्त वेळा ती 'दुसरी' चावी, जी कपाटात पडून असते आणि वर्षानुवर्षं कोणी मोजत नाही. तुमचं नाव वाचून हसूच आलं मला. दोन्ही चाव्या तुमच्या ताब्यात आहेत का, हे आत्ता उठून बघा. बटण दाबून चालू होणारी गाडी असेल तर चावी गाडीत ठेवून उतरायची सवय घरात कोणाला आहे का तेही बघा. छोटा जीपीएस ट्रॅकर बसवा, रात्री गाडी हलली की मोबाईल वाजतो. जुन्या पद्धतीचा स्टिअरिंगला अडकवायचा लोखंडी दांडाही वाईट नाही. एवढ्यासाठी कोणी करवत घेऊन येत नाही.

आणि ती मागची बकलं आजच्या आज वर काढा.

जुनी_फाईल

दादा, मी सव्वीस वर्षं मुलांच्या कोर्टात प्रोबेशन ऑफिसर होते, म्हणजे कोर्टाने बंदिस्त न ठेवता देखरेखीवर सोडलेल्या मुलांवर लक्ष ठेवायचं काम. आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न वाचला आणि बरं वाटलं, कारण तुम्ही फार लवकर विचारताय. माझ्याकडे लोक यायचे ते फाईल उघडल्यावर. आणि फाईल उघडायची ती बहुतेक वेळा आठव्या-नवव्या गाडीला. आधीच्या सातांबद्दल घरात कोणालातरी काहीतरी दिसलेलं असायचं. तुमच्या कोरड्या बॉनेटसारखं.

पोलिसांकडे 'मुलाने गाडी चोरली' अशी नोंद होते, पण त्या एका वाक्यात दोन निराळी कामं असतात. एक धंद्याची चोरी. ती गाडी परत दिसत नाही, सुटी होऊन विकली जाते. दुसरी भटकायची. ती गाडी तासा-दोन तासांत किंवा दुसऱ्या दिवशी सापडते, पेट्रोल संपून, नाहीतर कशावर तरी आदळून. तुमच्या भाच्याचं म्हणणं, की परत ठेवली तर चोरी कशी, हे माझ्यासमोर इतक्या मुलांनी म्हटलंय की मला त्यात निर्ढावलेपण दिसतच नाही. इंग्लंडच्या १९६८ च्या चोरीच्या कायद्यात तर 'मालकाच्या संमतीविना नेणे' असा वेगळा गुन्हाच आहे, कारण कायमची बळकावायची असा हेतू या मुलांवर शाबीत होत नाही. त्या नेण्यात कोणाला इजा झाली तर जास्त शिक्षा, हे तिथे १९९२ साली वेगळा कायदा करून घातलं. थोडक्यात काय, तुमचा भाचा शब्दावरून भांडतोय. त्याला भांडू द्या. चोर ठरवून त्याचं मन वळत नाही, आणि जीव जातो तो त्या शब्दाने जात नाहीच.

जीव कशाने जातो ते सांगते. रात्रीची वेळ, रिकामा रस्ता, न शिकलेला हात, परकी गाडी. त्या गाडीचा ब्रेक किती दाबला की किती लागतो ते पायाला माहीत नसतं. दिवे मुद्दाम बंद ठेवतात, किंवा बटण सापडत नाही. बेल्ट लावत नाहीत, कारण पळायची वेळ आली तर सुटायला हवं. आणि गाडी भरलेली. ताशी ८० ला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. ४० चे ८० झाले की आदळण्याची ताकद दुप्पट होत नाही, चौपट होते. मागून पोलिसांची गाडी लागली तर विचारूच नका. पाठलाग कधी सोडून द्यायचा याचे नियम बऱ्याच देशांतल्या पोलिसांनी यासाठीच केलेत.

यातलं 'गाडी भरलेली' हे सगळ्यात महत्त्वाचं. अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, २००५ साली छापून आला. कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ. दिवा पिवळा होतो, आता थांबायचं की आणखी थोडं दामटायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. तेरा ते सोळा वर्षांची मुलं एकटी असताना जेवढा धोका पत्करत, त्याच्या जवळजवळ दुप्पट दोन मित्र शेजारी बसवल्यावर पत्करत. चोविशीच्या पुढच्यांना मित्र असले काय, नसले काय, फरक पडला नाही. न्यूझीलंडने १९८७ मध्ये नव्या चालकांसाठी टप्प्याटप्प्याचं लायसन्स आणलं, त्यात रात्री एकट्याने चालवायला आणि मित्रांना बसवायला आधी बंदी आहे, तीही याचसाठी. रीतसर लायसन्स काढलेल्या मुलांची ही कथा. तुमच्या मागच्या गल्लीतल्या हिरोकडे तेही नाही.

म्हणून मी तुमच्या भाच्याकडे 'चोरीत सामील' म्हणून बघत नाही. तो मागच्या सीटवरचा मुलगा आहे. माझ्या अनुभवात चालवणाऱ्याला थांबवणं कठीण, कारण त्याला त्यातून मान मिळतो. मागच्या सीटवरच्याला थांबवणं खूप सोपं, कारण त्याला भीती वाटत असते आणि ती बोलून दाखवायची सोय नसते. आणि मागची सीट रिकामी झाली की चालवणाऱ्याचा निम्मा उत्साह ओसरतो. टाळ्या वाजवणाराच नसेल तर खेळ कोणाला दाखवायचा?

कोठडीबद्दल. खडे_बोल, तुमचा हेतू चांगला आहे, पण हे करून बघितलेलं आहे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात मुलांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दम द्यायचा कार्यक्रम निघाला. बघणाऱ्यांना फार आवडला, सगळीकडे त्याच्या नकला झाल्या. पुढे अशा नऊ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा दिसलं की तुरुंग दाखवून आणलेल्या मुलांनी न नेलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हे केले होते. मला त्याचं नवल वाटलं नाही. पंधराव्या वर्षी कोठडीत रात्र काढलेला मुलगा दुसऱ्या दिवशी मित्रांत मोठा होऊन परततो.

मग काय चालतं? कॅनडात विनिपेग म्हणून शहर आहे. तिथे २००० नंतरच्या वर्षांत गाड्या पळवण्याचं प्रमाण त्या देशात सगळ्यात जास्त होतं आणि पळवणारी बहुतेक पोरंच. त्यांनी २००५ पासून तीन गोष्टी एकदम केल्या. सहज पळवता येणाऱ्या गाड्यांना इमोबिलायझर बसवून दिले, सुरुवातीला ऐच्छिक, मग २००७ पासून सक्तीचे. ज्या मोजक्या मुलांच्या नावावर ढीगभर गाड्या होत्या त्यांच्यावर दिवसरात्र लक्ष ठेवलं, म्हणजे खरोखर घरी जाऊन दार वाजवून, तू आहेस ना आत, असं. आणि नुकती वाट चुकू लागलेल्या मुलांच्या घरी, शाळेत माणसं धाडली. काही वर्षांत पाचातल्या चार चोऱ्या थांबल्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या दार वाजवणाऱ्यांचा हेवा वाटला. माझ्याकडे एका वेळी शंभरावर मुलं असायची, कोणाचं दार आणि कधी वाजवणार?

आता तुमच्यापुरतं.

बहिणीला आज सांगा. तिच्यापासून लपवाल तितके दिवस तुम्ही आणि भाचा एका बाजूला आणि ती दुसऱ्या बाजूला, आणि हे मुलगा बरोबर वापरतो. भाऊजींना काय, कधी सांगायचं ते तिला ठरवू दे. हातपाय मोडणाऱ्या घरातलं मूल रात्री घराबाहेरच राहतं, एवढं तिला माझ्यातर्फे सांगा.

त्याच्याशी बोलताना 'का केलंस' विचारू नका. का ते त्यालाही माहीत नाही. मी विचारायचे, "तू कुठे बसला होतास?" मग, "शेजारी कोण? सगळ्यात जोरात गाडी गेली तेव्हा काटा कितीवर होता? तेव्हा तू काय धरलं होतंस?" या शेवटच्या प्रश्नाला मुलं थांबतात. एका मुलाने मला सांगितलं होतं, मॅडम, मी माझीच चप्पल धरली होती. सतरा वर्षं झाली, मी विसरलेले नाही.

शेजाऱ्यांच्या गाडीचं मात्र झाकून ठेवू नका. आधी एखाद्या वकिलाशी अर्धा तास बोला, कारण प्रत्येक ठिकाणचा कायदा वेगळा आणि मुलाच्या तोंडून काय निघावं याला महत्त्व असतं. मग त्याला बरोबर घेऊन त्यांच्याकडे जा. बोलायचं त्याने. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा, त्याच्या वतीने वाक्य पूर्ण करू नका. त्यांनी दार आपटलं तर आपटू दे. गाडीवाला म्हणजे कोणीतरी माणूस असतो, सकाळी त्याला आईला दवाखान्यात न्यायचं असतं, ही गोष्ट मुलाला भाषणातून कळत नाही, त्या दारात उभं राहून कळते.

आणि एक फोन. त्याला सांगा, रात्री कितीही वाजता, कुठूनही, "मामा, ये" एवढंच म्हण. मी येईन, वाटेत एक शब्द विचारणार नाही. विचारायचं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. हे बोललात तर पाळा. पहिल्याच वेळी गाडीत बसल्या बसल्या तोफ डागलीत तर दुसरा फोन येत नाही.

गाडीची ओढ आहे ती मारू नका. लंडनच्या दक्षिण भागात १९७४ मध्ये गाड्या पळवणाऱ्या मुलांसाठीच एक वर्कशॉप निघालं होतं, इल्डर्टन मोटर प्रोजेक्ट. मोडक्या गाड्या दुरुस्त करायच्या आणि बंद मैदानात शर्यतीत पळवायच्या. नंतर तपासलं तेव्हा तिथे टिकलेली मुलं नुसत्या प्रोबेशनवरच्या मुलांपेक्षा कमी वेळा परत पकडली गेलेली दिसली. मुलं थोडी होती, फार मोठा दावा करत नाही. पण ज्या हाताने इंजिन उघडलंय त्या हाताला गाडी म्हणजे कितीचं काम आहे ते कळतं, हे मी स्वतः दोन-तीन मुलांत बघितलंय. बाकी दहा-बारांत काही फरक पडला नव्हता, तेही सांगून टाकते.

खडे_बोल

ठीक आहे मॅडम, तुमचा अनुभव मोठा. पण सतराच्या त्या मुलाचं काय? त्याला पण 'कुठे बसला होतास' विचारायचं का? तो उद्या कोणाला तरी उडवेल. रस्त्यावरून चालणाऱ्याची काय चूक?

जुनी_फाईल

रास्त प्रश्न. रस्त्यावरच्या माणसाची काहीच चूक नाही. त्या मुलाच्या घरच्यांना सांगायलाच हवं, आणि तो सांगूनही गाडी काढत असेल तर पोलिसांना. कळवणं आणि कोठडीत बसवून गंमत बघणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला माझा विरोध कधीच नव्हता.

मागची_सीट

इथे वर्षभर नुसता वाचतो, पहिल्यांदाच लिहितोय.

मी सोळाचा होतो. आम्ही पाच जण, गाडी एकाच्या काकांची. मी मागे मधोमध. चालवणाऱ्याला त्याच्या घरच्या गाडीची सवय होती, तिचा इंडिकेटरचा दांडा दुसऱ्या बाजूला. त्यामुळे तो वळताना दर वेळी इंडिकेटरऐवजी वायपर लावायचा. कोरड्या काचेवर खर्र खर्र. आम्ही प्रत्येक वेळी हसायचो. शेवटच्या वळणावरही हसतच होतो. भिंत आधी मला दिसली, कारण मधोमध असल्याने मला समोरचं सरळ दिसत होतं. मी काही बोललो नाही. बोलायला वेळ नव्हता असं मी सगळ्यांना सांगतो. थोडा होता.

माझ्या डावीकडचा गेला. चालवणाऱ्याला एअरबॅगने वाचवलं, मला पुढच्या दोन सीटांनी. सगळं थांबल्यावर आवाज फक्त वायपरचा येत होता आणि तो कसा बंद करायचा ते कोणालाच माहीत नव्हतं.

ती आमची चौथी रात्र. दुसऱ्या रात्री शेजारच्या एका काकांनी आम्हाला गाडी ढकलत गेटबाहेर नेताना बघितलं होतं. आवाज नको म्हणून आम्ही इंजिन चालू न करता ढकलायचो. ते गॅलरीत उभे होते, आमची नजरानजर झाली आणि ते आत गेले. नंतर ते आमच्या घरी येऊन रडले. मी त्यांना दोष देत नाही, पण तुमचा प्रश्न 'चाव्या लपवल्या तेवढं पुरे का' वाचला आणि ते गॅलरीतून आत जाणं आठवलं.

मॅडमनी फोनचं सांगितलंय ते कराच. मला तेव्हा फोन करावासा वाटला असता अशी एकच व्यक्ती होती, माझी आत्या, आणि ती बरोबरच रागावली असती म्हणून केला नाही.

पाना_नंबर_दहा

वायपरचं वाचून काम बाजूला ठेवून बसलोय.

दुसरी_चावी

अकरा दिवस झाले. सगळ्यांचे आभार मानायचे राहिले होते, आणि जे झालं तेही सांगतो.

आधी चाव्यांचं. पाना_नंबर_दहा, दुसरी चावी कपाटात नव्हतीच. भाच्याच्या दप्तरात, कंपासपेटीत मिळाली. बकलं काढलीत, ट्रॅकर लावलाय.

बहिणीला सांगितलं. ती आधी माझ्यावरच चिडली, की चार दिवस का थांबलास. बरोबर आहे तिचं.

"तेव्हा तू काय धरलं होतंस" हे मी विचारलं. त्याने दोन्ही हात पुढे करून दाखवलं, पुढच्या सीटच्या डोकं टेकायच्या उशीच्या दोन दांड्या. म्हणाला, काटा ११० वर होता. मग बराच वेळ हात तसेच पुढे होते.

शेजाऱ्यांकडे जाऊन आलो, वकिलाशी बोलून मगच. भाचा तीन वाक्यं बोलला, त्यातलं दुसरं मलाही ऐकू आलं नाही. त्या बाईंनी विचारलं, सीट पुढे तूच ओढलीस का? म्हणजे त्यांनाही तेव्हाच कळलं होतं, आणि त्यांना वाटलं होतं की आपल्याला भास होतोय. त्या रागावल्या नाहीत. त्यांचे मिस्टर रागावले, आणि चांगलेच. दोन रविवार गाडी धुवायची असं ठरलंय. सतरावाल्याच्या घरीही गेलो. वडिलांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आमचा मुलगा असं करणार नाही.

परवा रात्री एक चाळीसला कामावर असताना फोन वाजला. "मामा, येतोस?" एवढंच. साहेबांना सांगून दुचाकी काढली. पेट्रोल पंपाच्या बाहेर कट्ट्यावर एकटा बसला होता. मी काही विचारलं नाही. अर्ध्या वाटेत तो आपणहून म्हणाला की ते तिघं दुसरीच कोणाची तरी गाडी घेऊन आले होते, याला बसायला सांगितलं, हा बसला, आणि पहिल्या सिग्नलला दार उघडून उतरला. बाकीचे तसेच पुढे गेले.

मग मी दुचाकी थांबवली आणि त्याच्याकडून गाडीचा रंग आणि नंबर घेतला. शेवटचे दोन आकडे त्याला आठवत होते. त्याने ओळखलं मी काय करणार ते. "नको ना मामा, त्यांना कळेल मीच सांगितलं." मी त्याच्यासमोरच पोलिसांना फोन केला. एक शब्द विचारणार नाही म्हणालो होतो आणि विचारलाच. तोफ डागली नाही, पण विचारलं.

जुनी_फाईल

गाडी सापडली?

दुसरी_चावी

सापडली. तासाभरात, पुलाच्या अलीकडे. पोलिसांनी पाठलाग केला नाही, पुढे गाडी आडवी लावून थांबवली. तिघंही धडधाकट. सतरावाल्याचे वडील काल घरी आले होते, वेगळ्या आवाजात बोलत होते. तुमचा सल्ला हवा म्हणत होते, त्यांना या धाग्याचा पत्ता देऊ का?

भाचा माझ्याशी बोलत नाही. जेवतो, शाळेत जातो, पण मी खोलीत आलो की उठून जातो. कालच्या रविवारी गाडी धुवायला मात्र गेला. एकटाच गेला, मला सांगितलं नाही. बाईंनी फोन करून कळवलं की आलाय, आणि आतून सीट मागे सरकवून, पायाखालचं पायपुसणं काढून झाडतोय.

जुनी_फाईल

द्या पत्ता. आणि त्याला बोलायला लावू नका. माझा एक पाच आठवडे बोलला नव्हता.